कोण लागतो

गाडी विकायची म्हणून ग्लव्ह बॉक्स रिकामा करत होते,
तर टायरच्या पावत्यांखाली लिफाफा निघाला.
तपकिरी. कोपरे मऊ पडलेले.
वर तुझ्या सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं: मिर्लांद.
इतकी वर्षं मला वाटायचं, गाडीचेच कागद असतील.

सात वर्षांची होते.
जॅकमनच्या नाक्यावर, क्वेबेक मागे टाकून मेनमध्ये शिरताना,
अधिकारी खिडकीशी वाकला आणि मोडक्या फ्रेंचमध्ये
तुला नाही, मला विचारलं:
हा कोण लागतो तुझा?

गाडी लागत होती मला, बोसच्या वळणांपासून.
शिवाय सेंट-जॉर्जला तू आइस्क्रीमसाठी थांबला नव्हतास.
घुश्श्यात होते. म्हटलं,
"मी नाही ओळखत ह्यांना."

दोन तास.
एका बाईनं मला खडू दिले, त्यात हिरवा नव्हता.
काचेपलीकडे तू बसला होतास,
दोन्ही तळवे टेबलावर उताणे,
जणू रंधा मारायची फळी कुणीतरी काढून नेली होती.
तिकडे मोंमान्यीत आई फोनवर
कोर्टाच्या हुकुमाचा नंबर वाचून दाखवत होती,
एकेक आकडा, दोनदोनदा.

सुटल्यावर तू आइस्क्रीम घेतलंस. पिस्त्याचं.
काही बोलला नाहीस.
त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

आता इथे, थंड सीटवर, एकेक कागद काढते.
पोर्ट-ओ-प्रिन्सच्या न्यायाधीशाची सही.
दातांच्या डॉक्टरचं कार्ड.
दर सप्टेंबरचा शाळेतला फोटो, मागे तारीख,
कारण चेहरा बदलतो, आणि नाक्यावरचा माणूसही.
आपला दोघांचा एक, बर्फातला:
टोपी, मफलर, चार डोळे.
ह्याचा काय उपयोग होणार होता, बाबा?

जेवायला बसलो की तू म्हणायचास,
आपल्या घरात रंग कुणाला दिसत नाही.
घरात नव्हताच दिसत.
शाळेच्या बसमध्ये दिसायचा,
दुकानात माझ्या मागेमागे फिरणाऱ्या बाईला दिसायचा,
एतिएनला आणि मला शेजारी उभं करून
हसणाऱ्या फोटोग्राफरला दिसायचा.
मी घरी येऊन गप्प राहायचे.
वाटायचं, हे मलाच दिसतं, माझ्याच डोळ्यांत काही आहे.
आणि तू दर सप्टेंबरात
माझ्या नकळत हा लिफाफा जाड करत होतास.
सांगितलं असतंस एकदा.
दोघांनी मिळून घाबरलो असतो.

सगळ्यात मागे चौघडी घातलेला कागद.
तिचा अंगठा.
झेरॉक्सची झेरॉक्स, रेषा केव्हाच बुजलेल्या,
नुसता काळा डाग उरलाय, खाली नाव, तेही अर्धं.
माझा अंगठा ठेवून पाहिला त्यावर.
बसला नाही. माझा मोठा.
की मशीननं लहान केला होता तिचा,
कोण सांगणार.

दुपारी दवाखान्यात नवी नर्स होती.
मला म्हणाली, एजन्सीकडून आलात का तुम्ही?
मग तुझ्याकडे वळून, जरा मोठ्यानं:
आजोबा, ओळखता का हिला?

तू पाहत राहिलास.
डॉक्टरांनी सांगितलंच होतं, असे दिवस येतील.
"नाही बुवा," तू म्हणालास,
"मी नाही ओळखत हिला."

माझ्या हातातली किल्ली खाली पडली.

मग तुझ्या मिशीचं डावं टोक हललं.
"आइस्क्रीमला थांबली नाही ती."

मी हसले की काय केलं, आठवत नाही.
नर्सला काही कळलं नव्हतं.
ती फॉर्म घेऊन उभीच होती,
नात्याच्या रकान्यावर पेन टेकवून,
आणि लिफाफा माझ्या पर्समध्ये होता.